कोंबडी, मेंढी की पाणी? जिवाणूच्या जनुकांवरून आजाराचा माग

मनवाटूकर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण भराभर सापडायला लागले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे विहिरीचं पाणी, दुसरा म्हणे कोंबडी. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडल्याची बातमी आली, तसा दोन्ही तटांना जोर चढला. कारण हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यातही असतो आणि पाण्यातही सापडतो. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी राहतो त्या गावात नेमक्या याच प्रश्नावर कित्येक वर्षं काम चाललंय, त्यामुळे राहवलं नाही. म्हणून हा धागा.

मी न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला असतो. मनवाटू नदीकाठचं विद्यापीठाचं गाव, चारी बाजूंना गायी-मेंढ्यांची कुरणं. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी, त्यामुळे या जिवाणूशी ओळख आहे. बारीक, वाकडा, गिरकी घेत पळणारा. प्राणवायू जास्त झाला की मरतो, अजिबात नसला तरी वाढत नाही. ४२ अंशांवर खूष, कारण कोंबडीच्या अंगातली ऊब साधारण तेवढीच असते. कोंबडीला त्याचा फारसा त्रास नाही. माणसाला मात्र दोन ते पाच दिवसांनी ताप, मुरडा, जुलाब, कधी रक्तही. आणि साधारण हजारात एखाद्याला त्यानंतर जीबीएस.

२००६ साली या देशात कॅम्पिलोबॅक्टरच्या जवळपास १६ हजार रुग्णांची नोंद झाली. लोकसंख्या तेव्हा बेचाळीस लाखांच्या आसपास. आणि हे फक्त नोंदलेले. दोन दिवस पोट बिघडलं म्हणून इथेही कुणी डॉक्टरकडे धावत नाही. संशयित भरपूर होते: चिकन, कच्चं दूध, कुरणातून नदीत जाणारं शेण, बागेतले पक्षी, पाळीव कुत्री. कोंबडी उद्योगाचं म्हणणं होतं की आपल्याकडे बोट दाखवायला पुरेसा पुरावा नाही.

रुग्णालाच विचारून का कळत नाही? कारण बहुतेक रुग्ण सुटे सुटे असतात. एका लग्नात जेवून पन्नास जण आजारी पडले तर मेनू काढता येतो. इथे एकटा माणूस मंगळवारी आजारी पडतो आणि गेल्या आठवड्यात त्याने चिकन खाल्लेलं असतं, नदीत डुंबलेलं असतं, वासराला बाटलीने दूधही पाजलेलं असतं. त्यात चिकन तर सगळेच खातात, आजारी न पडणारेही.

२००५ पासून मॅसी विद्यापीठातल्या नायजेल फ्रेंच यांच्या गटाने मनवाटूत एक कमालीचं कंटाळवाणं काम सुरू केलं. गावातल्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या नमुन्यांतून वाढलेले जिवाणू गोळा करायचे. त्याच काळात, त्याच परिसरातल्या दुकानांतून निरनिराळ्या पुरवठादारांच्या कोंबड्या विकत आणून त्यांच्यावरचे जिवाणू वाढवायचे. गायी-मेंढ्यांचं ताजं शेण आणि लेंड्या आणायच्या. लोक पोहतात तिथलं नदीचं पाणी आणायचं. हे एकदा नाही, वर्षानुवर्षं. आणि सगळ्यांची जनुकं एकाच पद्धतीने वाचायची.

ती पद्धत म्हणजे एमएलएसटी. १९९८ मध्ये मार्टिन मेडन आणि सहकाऱ्यांनी ती मेंदूज्वराच्या जिवाणूसाठी काढली, २००१ मध्ये कॅम्पिलोबॅक्टरसाठी बेतली गेली. जिवाणूला जगायला लागणारी, घरखर्च चालवणारी सात जनुकं निवडायची आणि प्रत्येकाचा चारशे-पाचशे अक्षरांचा तुकडा वाचायचा. सगळे मिळून ३,३०९ अक्षरं. प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक वेगळ्या रूपाला जगभरात एकच क्रमांक, आणि सात क्रमांकांच्या जोडणीला मिळून एक सीक्वेन्स टाइप, थोडक्यात एसटी. ऑक्सफर्डमधल्या संशोधकाने एसटी-४५ म्हटलं की मनवाटूतल्या बाईला नेमकं कळतं तो कशाबद्दल बोलतोय.

एसटीचं आडनावासारखं आहे. काही आडनावं ऐकली की तालुका सांगता येतो, आणि कुलकर्णी म्हटलं की सगळा महाराष्ट्र. एसटी-६१ गुरा-मेंढ्यांत जास्त, एसटी-२५७ कोंबड्यांत जास्त. एसटी-४५ आणि एसटी-२१ हे कुलकर्णी, कुठेही भेटतात. मनवाटूत मात्र एक भलताच ठसठशीत प्रकार निघाला: एसटी-४७४. बाकी जगात क्वचित दिसणारा हा प्रकार इथल्या रुग्णांमध्ये सुमारे ३० टक्के होता. आणि दुकानातल्या चिकनमध्येही तोच, त्यातही मुख्यत्वे एका पुरवठादाराच्या. गायी-मेंढ्यांत आणि नदीत जवळपास नाहीच.

सगळे प्रकार धरून हिशेब केल्यावर, गणिती मॉडेल कुठलंही वापरा, निम्म्याहून जास्त रुग्णांचा दोष कोंबडीकडेच जात होता. मग सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याला पाऊल उचलायला बळ आलं. कत्तलखान्यात आतडी फुटू न देणं, गार पाण्याच्या टाक्यांमधलं क्लोरीन सांभाळणं, आणि २००८ पासून प्रत्येक कारखान्यातून निघणाऱ्या कोंबडीवर जिवाणू किती याची मोजणी आणि मर्यादा. २००८ मध्ये नोंदलेले रुग्ण साधारण ६,७०० वर आले. त्यानंतर जीबीएससाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाणही १३ टक्क्यांनी घटलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जनुकं वाचणारी यंत्रं नव्हे, शेण-पाणी-चिकन एकाच वेळी गोळा करण्याची चिकाटी. त्याबद्दल बोलूच. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

बारा_गडगड

वाचतोय. अवांतर: एसटी ४७४ कुठल्या डेपोची? स्वारगेटला लागलेली पाहिली नाही कधी. :)

ढोरडॉक्टर

छान धागा. नगर जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे, पोल्ट्रीवाले रोजचे गिऱ्हाईक, म्हणून दोन गोष्टी घालतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लांत हा जिवाणू सहसा नसतो. मग कुणाच्या तरी बुटाला लागून, माशीवर बसून, पाण्याच्या लाइनीतून आत येतो आणि आठवड्याभरात अख्खं शेड. पक्षी मरत नाहीत, वजन पडत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला पत्ता नसतो आणि कंपनीच्या सुपरवायझरला फिकीर नसते. माझ्याकडे मर झाली म्हणून फोन येतो, कॅम्पिलोबॅक्टर म्हणून आजवर एकही आलेला नाही.

दुसरं, तुमच्याकडे पाकिटावर कारखान्याचं नाव असतं म्हणून "एका पुरवठादाराचा प्रकार" असं बोट ठेवता आलं. आमच्याकडे लिफ्टिंगची गाडी रात्री तीन-चार शेडवरचे पक्षी उचलते, पहाटे होलसेलवाल्याकडे उतरवते, तिथून किरकोळ दुकानात. दुकानात एकच जाळीचा पिंजरा, एकच लाकडी ठोकळा, एकच सुरा, पिसं काढायचं एकच फिरतं पिंप. सकाळी सातच्या पक्ष्याचं आतड्यातलं जे काही असेल ते अकराच्या पक्ष्याला लागलेलं असतं. त्या कोंबडीवर सापडलेला प्रकार कुठल्या शेडवरचा, हे सांगायचं तर दुकानात नाही, शेडवरच जाऊन नमुना घ्यावा लागेल, लिफ्टिंगच्या आधी.

शंकासुर

लेख चांगला आहे पण एक उडी खटकली. रुग्णात आणि कोंबडीत एकच प्रकार सापडला, म्हणून कोंबडीकडून माणसाला आला हे कशावरून? उलटं का नाही? किंवा दोघांनाही तिसऱ्याच ठिकाणाहून, समजा पाण्यातून?

मनवाटूकर

@शंकासुर, रास्त प्रश्न. एका रुग्णापुरतं बोलायचं तर एसटीवरून मी छातीठोकपणे काहीच सांगणार नाही. हजार रुग्णांच्या बाबतीत सांगता येतं.

माणसाकडून कोंबडीकडे जायला वाट फार अरुंद आहे, निदान इथे तरी. माणसाचं शौच गटारात जातं, कोंबड्या बंद शेडमध्ये. शिवाय माणसाकडून माणसाला हा आजार क्वचितच होतो, त्यामुळे माणसांतच तो फिरत राहिला असंही नाही. पाण्याचं म्हणाल तर त्यासाठीच नदीचे नमुने घेतले होते. नदीत जे प्रकार सापडले त्यातले पुष्कळ पुकेकोसारख्या पाणथळीतल्या पक्ष्यांचे निघाले, आणि ते रुग्णांत जवळपास दिसतच नाहीत. मैदानातल्या घसरगुंड्यांभोवती पडलेली पक्ष्यांची विष्ठासुद्धा तपासली आहे या लोकांनी. तिथल्या साळुंकीच्या भाईबंदांचेही प्रकार बहुतांशी त्यांचे स्वतःचेच होते.

आणि तुम्ही म्हणता तशी गंमतही सापडली. शहरात कोंबडीचं पारडं जड, पण खेड्यांत, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांत, गुरांकडून आलेल्या प्रकारांचा वाटा मोठा. गोठ्यात खेळणारी पोरं. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच आजाराची दोन उगमस्थानं, आणि कोंबडीचं कितीही केलं तरी त्या पोरांना फरक पडणार नाही.

आकडेमोड

माझा प्रांत संख्याशास्त्र, त्यामुळे शंकासुरांच्या प्रश्नाला थोडं वेगळ्या बाजूने भिडतो.

मॉडेल "हा रुग्ण कोंबडीचा" असा शिक्का मारत नाही. ते प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूला विचारतं की सातही जनुकांची ही रूपं कोंबडीतल्या जिवाणूंत किती वारंवार दिसतात, गुरांत किती, मेंढ्यांत किती, पक्ष्यांत किती. मग उत्तर येतं ७० टक्के कोंबडी, २० टक्के गाय, वगैरे. एकेका रुग्णाचं हे उत्तर बरंच धूसर असतं, पण शेकडो धूसर उत्तरांची बेरीज बरीच स्पष्ट होते.

२००८ मध्ये डॅनियल विल्सन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या १,२३१ रुग्णांवर हेच केलं. ५७ टक्के कोंबडी, ३५ टक्के गुरं, आणि रानटी प्राणी आणि पर्यावरण मिळून जेमतेम ३ टक्के. त्याआधी पक्ष्यांनी चोच मारलेल्या दुधाच्या बाटल्या, ओढ्याचं पाणी यांच्यावर पुष्कळ शाई खर्च झाली होती.

एक मेख मात्र आहे. मॉडेल तुम्ही दिलेल्या उगमांपैकीच कुणाला तरी निवडतं. बदकाचे नमुने घेतलेच नसतील तर बदकाचे रुग्ण मुकाट्याने कोंबडीच्या खात्यात जातात. म्हणून असा टक्केवारीचा तक्ता दिसला की मी आधी नमुने कुठून, कधी आणि किती घेतले ते पाहतो. मनवाटूकरांनी चिकाटीचं म्हटलंय ते याच कारणाने पटलं. पाच वर्षांपूर्वीच्या कोंबड्या आणि आजचे रुग्ण जुळवणं म्हणजे हवेत तीर.

शंकासुर

ठीक, पटलं. तरी पण "प्राण्यांत सापडलं म्हणजे प्राण्यांकडूनच आलं" हे गृहीत नेहमी खरं ठरत नाही, हे नोंदवून ठेवतो. साल्मोनेला टायफिम्युरियम डीटी१०४ हा साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा, अनेक औषधांना न जुमानणारा प्रकार. नव्वदच्या दशकात माणसांत आणि गुरांत एकदमच पसरला, आणि सगळ्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. २०१३ मध्ये मुख्यतः स्कॉटलंडमधल्या, बावीस वर्षांच्या काळातल्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या ३७३ जिवाणूंची संपूर्ण जनुकसंहिता वाचून झाली. निघालं असं की माणसांतली साथ आणि जनावरांतली साथ बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वाहत होत्या, इकडून तिकडे उड्या मोजक्याच, आणि औषधांना दाद न देण्याची विविधता माणसांतल्या जिवाणूंत जास्त होती. स्थानिक गुरं हा मुख्य उगम नव्हता.

तेव्हा हे तंत्र आरोप सिद्ध करतं तसं आरोपीला सोडवतंही. ते दुसरं लोक कमी सांगतात.

ढोरडॉक्टर

@शंकासुर +१. माझ्या जनावरांच्या वतीने आभार.

शेवग्याची_शेंग

हे सगळं ठीक, पण मला स्वयंपाकघरातलं सांगा. इथे यूकेत २०१४ पासून "कच्चं चिकन धुऊ नका" म्हणून मोहीम चालली आहे आणि माझ्या सासूबाईंना ते ऐकूनच शिसारी येते. आमच्याकडे चिकन तीन पाण्यांतून धुऊन, हळद-मीठ चोळून, मगच भांड्यात. हळदीने मरत नाही का तो?

मनवाटूकर

@शेवग्याची_शेंग, हळद-मिठाचा स्वयंपाकासाठी उपयोग आहे, यासाठी नाही. आणि मरायची चिंताच करू नका, तो शिजवताना मरतोच. आपला रस्सा रटरटतो, त्यात कॅम्पिलोबॅक्टर टिकणं शक्य नाही. जगभर भीती असते ती आतून गुलाबी राहिलेल्या भाजलेल्या तुकड्यांची, आणि त्याहून जास्त आजूबाजूला उडालेल्या थेंबांची.

नळाखाली कोंबडी धरली की थेंब दोन-दोन फुटांवर जातात. शेजारी कोशिंबिरीची काकडी चिरून ठेवलेली असते, कोथिंबीर निथळत असते. काकडी शिजणार नसते. आजारी पडायला फार जिवाणू लागत नाहीत, एका संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दुधातून ५०० जिवाणू प्यायले आणि तो आजारी पडला. सासूबाईंना धुवायचंच असेल तर भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, नळाची धार न सोडता, आणि कोशिंबीर आधीच करून झाकून दुसरीकडे. मग हात साबणाने. तेवढ्यावर घरात शांतता राहते, स्वानुभव.

एक बरं आहे, हा साल्मोनेलासारखा ओट्यावर वाढत बसत नाही. ३० अंशांखाली त्याची वाढ होत नाही आणि कोरड्या पृष्ठभागावर लवकर मरतो. लागतो तो ओल्यातून ओल्यात, त्याच वेळी.

सिंहगडरोडकर

आम्ही त्या जानेवारीत किरकटवाडीत होतो. टँकर, बाटल्या, उकळलेलं पाणी, सगळं केलं. चिकनच्या दुकानांवर शुकशुकाट होता. मला सरळ विचारायचं आहे: तुमच्या मनवाटूत जे केलं ते पुण्यात करता आलं असतं का? कोंबडी की पाणी, हे जनुकांवरून ठरलं असतं का?

ढोरडॉक्टर

@सिंहगडरोडकर, यात पहिली अडचण जिवाणू जिवंत हातात असण्याची आहे.

आजकाल शौचाचा नमुना पीसीआरच्या किटवर घालतात. एका नमुन्यात पंधरा-वीस जंतूंची नावं दोन तासांत. रुग्णासाठी उत्तमच. पण किट फक्त "कॅम्पिलोबॅक्टर आहे" एवढंच सांगतं, कुठला कॅम्पिलोबॅक्टर ते नाही. प्रकार सांगायला साधारणपणे जिवाणू वाढवावा लागतो, आणि याला वाढवणं म्हणजे नखरे: कमी प्राणवायूचा डबा, ४२ अंश, कोळसा घातलेलं खास माध्यम, दोन-तीन दिवस. नमुना काही तास उघड्यावर उन्हात राहिला की संपलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या किती लॅबमध्ये हे रोज होतं, ते डॉक्टर मंडळींनी सांगावं.

मनवाटूकर

ढोरडॉक्टरांनी मुद्द्याचं बोट ठेवलं. त्यात भर म्हणजे जीबीएस स्वतः उशिरा येतो. जुलाब झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, मग अशक्तपणा. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली काही साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रचनेशी इतकी मिळतीजुळती असते की त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आपल्याच मज्जातंतूंवर चालून जातात. तोवर आतड्यातला जिवाणू बहुतेकदा निघून गेलेला असतो. जीबीएसच्या रुग्णाच्या शौचातून कॅम्पिलोबॅक्टर वाढवता आला तर नशीबच.

म्हणून खरी खाण जीबीएसच्या वॉर्डात नसते, ती असते त्याच भागात त्याच आठवड्यात नुसत्या जुलाबाने दवाखान्यात आलेल्यांमध्ये. आणि दुसऱ्या बाजूला विहीर, नळ, टँकर, आसपासचे पोल्ट्री शेड, चिकनची दुकानं, गोठे. दोन्हीकडचे जिवाणू जिवंत मिळाले आणि उणे ८० अंशांवर गोठवून ठेवले, तर जनुकं सहा महिन्यांनी वाचली तरी चालतात. नमुना मात्र सहा महिन्यांनी घेता येत नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. "कोंबडी की पाणी" हा प्रश्नच थोडा फसवा आहे. पाण्यात कॅम्पिलोबॅक्टर आपणहून पैदा होत नाही, कुणाच्या तरी आतड्यातून तिथे पडतो. पाणी ही वाट, उगम प्राणी. दोन्ही तट एकाच वेळी बरोबर असू शकतात. याचं याहून चांगलं उदाहरण आमच्याच देशात २०१६ ला घडलं, हॅवलॉक नॉर्थला. इथे हेस्टिंग्जच्या एक ताई आहेत ना, त्यांनीच लिहावं.

हॉक्सबेची_सून

हाक मारलीत म्हणून आले. तेव्हा आम्ही हेस्टिंग्जला होतो, हॅवलॉक नॉर्थ शेजारचंच, टुमदार, सुमारे १४ हजार वस्तीचं गाव. गावाचं पाणी ब्रुकव्हेल रोडच्या बोअरमधून यायचं. खोल भूजल, सुरक्षित, म्हणून त्यात क्लोरीन घालत नसत. इथल्या लोकांना क्लोरीनची चव नको असायची आणि आपलं पाणी शुद्ध असल्याचा अभिमान होता.

५ आणि ६ ऑगस्ट २०१६ ला धो धो पाऊस झाला. आठवड्याच्या शेवटी शाळांमध्ये पोरं गैरहजर, औषधांच्या दुकानात जुलाबाच्या गोळ्या संपल्या. १२ तारखेला पाण्यात क्लोरीन सोडलं आणि उकळून प्या म्हणून सांगितलं. सुरुवातीला आजारी पडलेल्यांचा अंदाज साडेपाच हजार होता. नंतरच्या अभ्यासात तो ६,२६० ते ८,३२० असा वाढवला, कारण बाहेरगावाहून आलेले पुष्कळ जण तिथलं पाणी पिऊन घरी जाऊन आजारी पडले होते. किमान चार मृत्यूंमध्ये या आजाराचा हात होता, आणि तिघांना जीबीएस झाला.

आणि मग मेंढ्या. बोअरपासून ९० मीटरच्या आसपास एक तळं, त्याच्या कडेला कुरण, कुरणात मेंढ्या. पावसाने लेंड्या तळ्यात वाहून गेल्या, तळ्याचं पाणी जमिनीखालच्या थरात झिरपलं आणि बोअरच्या पंपाने ते ओढून घेतलं. रुग्णांमधले, नळाच्या पाण्यातले आणि त्या मेंढ्यांमधले जिवाणू, तिन्हींची संपूर्ण जनुकसंहिता वाचली तेव्हा ती जुळली.

ज्याचं मला अजून आश्चर्य वाटतं ते हे की १९९८ मध्येही याच गावात पाण्यातून कॅम्पिलोबॅक्टरची साथ आली होती.

कायद्याचं_बोला

मेंढ्यांच्या मालकाला दंड झाला का? डीएनए जुळला म्हणजे पुरावा पक्का!

हॉक्सबेची_सून

@कायद्याचं_बोला, मेंढ्या त्यांच्या कुरणात चरत होत्या, त्यात गुन्हा काय? सरकारने माजी न्यायमूर्ती लिन स्टीव्हन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. ठपका आला तो बोअर आणि भूजल सांभाळणाऱ्या दोन्ही स्थानिक परिषदांच्या कामावर. मधल्या काळात प्रादेशिक परिषदेने जिल्हा परिषदेवर बोअरच्या परवान्यावरून खटला भरला होता, तो मागे घेतला. डिसेंबर २०१७ चा दुसरा अहवाल सगळ्या देशाच्या पिण्याच्या पाण्यावर गेला, आणि पुढे २०२१ चा पाणीसेवा कायदा आणि तौमाता अरोवाई हे नवं नियामक मंडळ आलं.

आकडेमोड

कायद्याचं_बोला यांच्या प्रश्नात तथ्य आहे. मनवाटूत वाटा काढायचा होता: शंभर रुग्णांपैकी किती कुणाचे. त्याला सात जनुकं पुरली. हॅवलॉक नॉर्थला एका साथीचा एक उगम शोधायचा होता. तिथे एकच एसटी जुळून भागत नाही, कारण त्याच एसटीच्या मेंढ्या अख्ख्या हॉक्स बे प्रांतात असणार. म्हणून संपूर्ण जनुकसंहिता, १६ लाखांहून जास्त अक्षरं, आणि त्यात किती अक्षरांचा फरक हे मोजायचं. आणि तरीही पाऊस कधी पडला, पंप कुठला चालू होता, तळ्यातलं पाणी बोअरमध्ये पोचतं का, हे जमिनीवरचं काम लागलंच. नुसत्या जनुकांवर कुठलंही न्यायालय उभं राहणार नाही, राहू नये.

शेवग्याची_शेंग

मला एक कळत नाही. हे जिवाणू कोंबडीत कोंबडीसारखे आणि गायीत गायीसारखे वेगळे का राहतात? शेवटी आतडंच ना?

मनवाटूकर

@शेवग्याची_शेंग, झकास प्रश्न. कॅम्पिलोबॅक्टर शेजाऱ्यांकडून डीएनएचे तुकडे सर्रास उचलतो. कोंबडीत राहणाऱ्याला शेजारी मिळतात ते कोंबडीतलेच, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कोंबडीतली मंडळी एकमेकांसारखी होत जातात. हिशेबाला ते सोयीचं, आणि गैरसोयीचंही, कारण याच सवयीमुळे वंशावळ गुंतते.

शिवाय खाण्याचा फरक. २०१३ मध्ये सॅम्युअल शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी कोंबडीतल्या आणि गुरांतल्या कॅम्पिलोबॅक्टरची जनुकं ताडून पाहिली. गुरांतल्या जिवाणूंत ब-५ जीवनसत्त्व स्वतः बनवणारी जनुकं बहुतेकदा असतात, कोंबडीतल्यांत ती पुष्कळदा गायब. धान्यावर वाढलेल्या कोंबडीच्या आतड्यात ब-५ आयतं मिळतं, गवत खाणाऱ्या गायीत तितकं नाही. कोंबडीतला आळशी झाला, एवढंच!

बारा_गडगड

गंभीर प्रश्न विचारतो या वेळी. तो एसटी-४७४, त्याचं पुढे काय झालं? कारखाने सुधारले म्हणजे संपला का?

मनवाटूकर

@बारा_गडगड, रुग्णांत आणि चिकनमध्ये तो झपाट्याने घटला. पण जागा रिकामी राहत नाही. २०१४ पासून एसटी-६९६४ दिसायला लागला, आधी न्यूझीलंडमध्ये जवळजवळ अनोळखी. हा फ्लुरोक्विनोलोन आणि टेट्रासायक्लीन दोन्ही गटांतल्या औषधांना दाद देत नाही. थोड्याच काळात तो उत्तर बेटावरच्या एकाहून जास्त पुरवठादारांच्या कोंबड्यांत आणि रुग्णांत सापडला. २००५ पासूनचे जिवाणू गोठवून ठेवलेले होते, म्हणूनच तो नवा आहे हे ठामपणे सांगता आलं. नाहीतर "हा पहिल्यापासूनच असेल, आता लक्ष गेलं" म्हणून विषय मिटला असता.

पुण्यातल्या डॉक्टर मंडळींपैकी कुणी हा धागा वाचत असेल तर कॅम्पिलोबॅक्टर वाढवण्याबद्दल ढोरडॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जरूर लिहा. माध्यम, डबे, नमुना लॅबपर्यंत न्यायची पद्धत यांबद्दल काही हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या लॅबमध्ये जे वापरतो ते लिहून पाठवतो.